नावाड्यानं असं कावून केलं?

पुणे, २२ नोव्हेंबर २००१

अक्का,

नमस्कार. "नुसतं तोंडानं सांगू नको, दाखव," असं तू दिवाळीत म्हणालीस. म्हणून या पत्राबरोबर सीडी पाठवतोय. तुझ्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर चालेल. हा आमचा गेम, नाव 'जासूद'. अजून अर्धाच झालाय. यात गोळीबार नाही, गाड्यांची शर्यत नाही. गोष्ट आहे, आणि ती खेळणाऱ्यानं ठरवायची.

तू जासूद आहेस. दुष्काळ पडलाय, लढाई चालू आहे, तुझ्याजवळ एक निरोप आहे आणि तो गोदावरीच्या पलीकडे पोचवायचाय. वाटेत माणसं भेटतात. प्रत्येक ठिकाणी स्क्रीनवर दोन-तीन पर्याय येतात. तहानलेल्या म्हातारीला पाणी द्यायचं की स्वतःसाठी ठेवायचं? ज्या नावाड्यानं पळून आलेली माणसं शत्रूच्या हवाली केली, त्याचं काय करायचं? कोपऱ्यात पणती दिसेल. चांगलं वागलीस की ज्योत मोठी होते, वाईट वागलीस की बारीक. ती पाप-पुण्याची पणती. कल्पना आमच्या साहेबांची, पण गोष्ट सगळी मी लिहिलीय.

खेळून खरंखरं सांग. चुलत भाऊ म्हणून गोड बोलू नकोस. अप्पांना, अव्वांना नमस्कार.

तुझा
मृत्युंजय


गेवराई, ३ डिसेंबर २००१

चि. मृत्युंजय,

आशीर्वाद. अप्पा-अव्वा कपिलधारच्या यात्रेला गेले होते, त्यामुळे घरात कुणी टोकणारं नव्हतं. लाईट आठला जाते म्हणून मी उजाडायच्या आत क्लास उघडून तुझा गेम खेळत बसले. पहिल्या बॅचच्या पोरी आल्या तर त्याही खुर्च्या ओढून बसल्या. टॅली राहिलं बाजूला.

चित्रं छान आहेत. नदी तर आपल्या शहागडच्या पुलावरून दिसते तशीच. पण तुझ्या पणतीचं काय झालं ऐक. म्हातारीला पाणी दिलं की ज्योत वाढते, हे पोरींना कळलं. मग त्या मागं फिरून पुन्हा तिलाच पाणी द्यायच्या. पुन्हा ज्योत वाढली, पुन्हा पाणी. खरी म्हातारी असती तर पोट फुटून मेली असती. पोरी म्हणाल्या, "मॅडम, आता आपल्याकडं भरपूर पुण्य हाय, आता नावाड्याला लुटलं तरी चालतंय." आणि लुटलं!

मी एकटीनं खेळले तेव्हा नावाड्याची नाव जाळून टाकली. ज्योत मोठी झाली. दुसऱ्या खेपेला त्याला माफ केलं. तरी ज्योत मोठीच झाली! मग मी ठरवलं ते काय? मला त्याला एकच विचारायचं होतं, की बाबा, तू असं कावून केलंस? तर तसा पर्यायच नाही. तो नुसता मिशीवर हात फिरवत उभा.

त्यानं का केलं ते तुला तरी माहीत आहे का?

तुझी
अक्का


पुणे, ८ डिसेंबर २००१

अक्का,

म्हातारीचा किस्सा ऑफिसात वाचून दाखवला. सगळे खो खो हसले, साहेब सोडून. आता तिला एकदाच पाणी देता येईल, तशी दुरुस्ती केलीय.

नावाड्याचं म्हणशील तर तो लोभी आहे. सैनिकांनी मोहरा दिल्या, त्यानं माणसं दिली. संपलं. गोष्टीत एखादा दुष्ट लागतोच की. साहेबांचं म्हणणं, खेळणाऱ्याला चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं ते पटकन कळलं पाहिजे, नाहीतर तो वैतागून सीडी काढून टाकेल.

पण तू माणसांचं बरोबर हेरतेस. मला पुढच्या भागासाठी प्रसंग हवाय. पेच कठीण पाहिजे. तुझ्या डोक्यात काही आलं तर लिही. हवं तर गेमवर तुझं नाव टाकू!

मृत्युंजय


गेवराई, १७ डिसेंबर २००१

चि. मृत्युंजय,

प्रसंग मागितलास, देते.

एक बाई माडीवर उभी आहे. पहाट, थंडी, खाली रस्ता. एका मोठ्या माणसाचा रथ भरधाव येतो, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला उडवतो आणि न थांबता निघून जातो. मागून एक जण चोरीचा माल भरलेली गाडी हाकत येतो. तो थांबतो. म्हातारीला उचलतो. तेवढ्यात लोक जमतात आणि त्यालाच धरून मारतात. तो कोठडीत जातो.

रथ कुणाचा ते फक्त माडीवरच्या बाईनं पाहिलंय. त्या माणसाचे तिच्यावर उपकार आहेत. तिच्या बापाचं दुकान त्याच्याच जागेत आहे. ती गप्प आहे.

तिनं काय करावं? लवकर कळव.

अक्का


पुणे, २१ डिसेंबर २००१

अक्का, तू कमाल केलीस!

तुझं पत्र वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीतच लिहायला बसलो. चोर थांबतो आणि साव पळतो, हे फारच भारी. साहेबांनाही आवडलं. मी पर्याय असे केलेत. एक, बाई कोतवालाकडे जाऊन खरं सांगते. ज्योत मोठी, पण दुकान जातं. दोन, गप्प बसते. ज्योत बारीक, दुकान राहतं. तीन, मोठ्या माणसाला गाठून तोंड बंद ठेवायची किंमत मागते. ज्योत विझते, पण सोन्याचं कडं मिळतं, ते पुढच्या भागात उपयोगी पडेल.

मोठ्या माणसाला एकदम क्रूर दाखवलाय. म्हातारी पडलेली बघून तो हसतो. त्याला हसताना काढायला चित्रकाराला दोन दिवस लागले.

असाच अजून एखादा प्रसंग सुचतोय का? म्हातारी पुढं मरते का जगते? ते तू लिहिलंच नाहीस. मी मारून टाकलीय, त्यानं गोष्टीला वजन येतं.

तुझा
मृत्युंजय


गेवराई, ४ जानेवारी २००२

मृत्युंजय,

तुझं पत्र वाचून मी फाडून टाकणार होते. मग वाटलं, तुझी काय चूक? मीच तुला आडून विचारलं. आता सरळ लिहिते. फोनवर बोलता येत नाही. फोन दुकानात, आणि अप्पा कायम शेजारी.

म्हातारी मेलेली नाही. ती आपली कडूबाई. रोज पहाटे कॅन घेऊन हायवे ओलांडून दूध घालायला येते, ती. तुला लहानपणी शिव्या देऊन गोठ्यातून हाकलायची, तीच. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे. बीडला सरकारी दवाखान्यात आहे. पहिले काही दिवस तिला शुद्धच नव्हती.

तुला म्हातारीचा किस्सा कळवला त्याच आठवड्यात एका पहाटे मी पुन्हा तुझा गेम खेळायला लवकर गेले होते. मशीन सुरू होईपर्यंत गॅलरीत उभी राहिले. धुकं होतं, पण जीप गॅलरीच्या अगदी खालून गेली. अर्जुनकाकांची हिरवी जीप. आख्खी गेवराई ओळखते. कडूबाईला धक्का लागला, जीप जराशी हळू झाली, आणि मग ती औरंगाबादच्या दिशेनं निघून गेली.

मागून उत्तरेश्वरचा ट्रॅक्टर आला. नदीतली वाळू भरलेली, विनापरवाना. पकडला गेलो तर काय होईल ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो उतरला, स्वतःची चादर काढून तिला गुंडाळली आणि ओरडून माणसं बोलावली. माणसं आली, त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, खाली पडलेली बाई पाहिली आणि त्यालाच बडवलं. मी जिना उतरून जाईपर्यंत पोलीस आले होते. मी म्हणाले, "यानं न्हाई केलं." एक जण म्हणाला, "मग कोणी केलं, मॅडम?" आणि माझं तोंड उघडलं नाही.

अर्जुनकाका कोण आहेत ते तुला सांगायला नको. सगळ्यांनी "पोरीची जात, कॉम्प्युटर कशाला" म्हटलं तेव्हा अप्पांना समजावायला तेच आले होते. क्लासची जागा त्यांची, अप्पांचं दुकान खाली, तेही त्यांचंच. माझी सोयरीक मोडली त्या वर्षी गावात कुणी नीट बोलत नव्हतं, तेव्हा त्यांच्या छबुकाकू रोज संध्याकाळी मला घरी बोलवायच्या.

लोकांना ते सांगतात, आम्ही त्या दिवशी मध्यरात्रीच औरंगाबादला निघालो. त्यांच्या लेकीला, प्रियदर्शनीला, बाळंतपणासाठी नेलं होतं. त्यांना आता पंचायत समितीला उभं राहायचंय. मीही ऐकते आणि मान हलवते.

आणि तुला सांगते, ते हसले नव्हते. जीप हळू झाली होती, ते मी पाहिलंय. तेवढ्यावरच माझी झोप उडालीय. ते वाईटच असते तर मी त्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते.

अक्का


पुणे, ८ जानेवारी २००२

अक्का,

मला माफ कर. मी त्या पत्रात काय काय लिहिलं ते आठवून लाज वाटते.

पण आता माझं ऐक. गप्प बस. कुणाला काही बोलू नकोस. कडूबाई जगलीय ना? उत्तरेश्वरला आज ना उद्या जामीन मिळेल, वाळूची केस तर त्याच्यावर राहणारच होती. तू बोललीस तर क्लास जाईल, अप्पांचं दुकान जाईल. या वयात त्यांनी कुठं जायचं? आणि निवडणुकीच्या दिवसांत विरोधी गटवाले तुलाच पुढं करून राजकारण करतील. गेममध्ये कोतवालाकडे पाठवणं सोपं असतं. मी तिकडे येतोय, शनिवारी. तोवर काही करू नकोस. तुला शपथ आहे.

मृत्युंजय


गेवराई, १७ जानेवारी २००२

चि. मृत्युंजय,

तू शनिवारी आलास आणि रविवारी गेलास. घरात पाहुणे, मधे अप्पा, आपल्याला धड बोलता आलं नाही. सगळं मिटलं एवढंच तुला कळलं. कसं मिटलं ते आता निवांत लिहिते. तुझं गप्प बसायचं पत्र मात्र तू येऊन गेल्यावर, सोमवारी आलं. उशिरा आलं ते बरंच झालं.

तू यायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, मी पोलीस ठाण्याला म्हणून निघाले. बाजारातून जाताना पाय आपोआप अर्जुनकाकांच्या घराकडे वळले. ते ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. वाचत नव्हते. मला बघून म्हणाले, "ये पोरी, बस. चहा घे."

मी बसले नाही. म्हणाले, "काका, त्या दिशी मी गॅलरीत होते. तुमची जीप मी पायली. आता ठाण्याला चालले, जे पायलं ते सांगायला. पन तुमी थांबला न्हाईत एवढंच मला दिसलं. कावून थांबला न्हाईत, ते दिसलं न्हाई. ते इचारल्याशिवाय माझ्यानं जाववंना."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता चिडतील. ते चिडले नाहीत. मग म्हणाले, "पोरीचं रक्त थांबत नव्हतं. हितल्या डॉक्टरनं हात वर केले. मागच्या सीटवर ती पांढरीफटक पडली होती. म्हातारीला धक्का लागला ते मला कळलं. पाय ब्रेकवर गेलता बी. एक जीव मागं, एक जीव खाली. मी... न्हाई थांबलो."

मी म्हणाले, "ते समजतंय, काका. त्या टायमाला मी असते तर काय केलं असतं, मला बी सांगता येत न्हाई. पन दुसऱ्या दिवशी? उत्तरेश्वरला मारलं ते तुमाला कळलं होतं. तवा कावून न्हाई बोललात?"

त्यांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी केली. मग हळूच म्हणाले, "पहिल्या दिशी पोरीसाठी. दुसऱ्या दिसापासून भीतीनं. मान खाली घालायची सवय न्हाई, पोरी."

तेवढ्यात छबुकाकू आतून आल्या. कधीपासून दाराआड उभ्या होत्या कुणास ठाऊक. तू त्यांना पाहिलं असतंस तर ओळखलं नसतंस, इतक्या वाळल्यात. म्हणाल्या, "ते थांबत होते. मी म्हनले, थांबू नगा. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं." एवढं बोलून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि पायरी उतरल्या. खाली उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, "मी निघाले. तुमी येताय का न्हाई?"

मृत्युंजय, मी त्या बाईकडे बघतच राहिले. काकांनी टोपी घातली, आणि तेही उतरले.

जीप काढली नाही. आम्ही तिघं बाजारातून चालत गेलो. लोक नेहमीसारखे रामराम घालत होते आणि काका प्रत्येकाला रामराम करत होते, घाम पुसत. ठाण्यात फौजदारसाहेब उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली. काका खुर्चीत बसले नाहीत. "लिहून घ्या," म्हणाले. साहेबांना आधी खरंच वाटेना. म्हणाले, "अर्जुनराव, तुमचं काही टेन्शन असंल तर उद्या बोलू." छबुकाकू म्हणाल्या, "आज लिव्हा. उद्या आमाला धीर ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई." मग त्यांनी लिहून घेतलं. माझाही जबाब घेतला. जीप हळू झाली होती, तेही मी लिहायला लावलं.

उत्तरेश्वर शुक्रवारी सुटला. वाळूची केस आहेच, ती त्याला लढावी लागेल. पण बाई उडवल्याचा डाग गेला. त्याची आई मुक्ताबाई माझ्या हाताला धरून रडली. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी इतके दिवस गप्प होते, ते तिला माहीत नाही. मग मीच सांगितलं. ती म्हणाली, "बोललीस ना." बस, एवढंच.

अप्पा पाच-सहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना दुकानाची धास्ती. काल अर्जुनकाका स्वतः दुकानात आले, नेहमीसारखी चहापत्ती घेतली आणि जाताना म्हणाले, "मल्लिकार्जुनअप्पा, दुकान तुमचं हाय तसंच हाय. पोरीला काही बोलू नका." अप्पा घरी येऊन मुकाट जेवले आणि मग मला म्हणाले, "उद्यापासून क्लासला डबा नेत जा, उपाशी राहतेस." म्हणजे झालं.

काल रात्री मी सरळ झोपले ते सूर्य वर आल्यावर उठले. पोरी क्लासच्या दाराशी ताटकळल्या होत्या.

तुझी
अक्का


पुणे, २४ जानेवारी २००२

अक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी गेममध्ये शूर आणि पत्रात भित्रा निघालो. यापुढं माझ्या सल्ल्याला किती किंमत द्यायची ते तुला कळलंच.

साहेबांना मी सगळं सांगितलं, नावं सोडून. पणती काढून टाकू या म्हणालो. ते म्हणाले, मग खेळणाऱ्याला कसं कळणार की आपण बरोबर वागलो? मी म्हणालो, साहेब, आपल्याला तरी कुठं कळतं? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि 'बरं' म्हणाले. त्यांनाही बहुतेक तो दिवा आवडत नव्हता.

नावाड्यासाठी आता एक पर्याय वाढवलाय, 'विचारा'. तो दाबला की नावाडी बोलतो. त्याचा मुलगा सैनिकांच्या ताब्यात असतो. ते ऐकूनही नाव जाळता येते, माफही करता येतं. फक्त आधीसारखं झटकन होत नाही. ऑफिसातला चित्रकार तिथं येऊन अर्धा तास माऊस धरून बसला होता. हसणारं चित्र त्यानं स्वतःहून पुसून टाकलं.

कडूबाई कशी आहे? मोठ्या माणसाला तिच्यासमोर जायचा धीर झाला का?

तुझा
मृत्युंजय


गेवराई, १२ फेब्रुवारी २००२

चि. मृत्युंजय,

झाला. आम्ही रविवारी बीडला गेलो होतो, काका, छबुकाकू आणि मी. काकांनी निवडणुकीचा फॉर्म भरला नाही. कोर्टात केस उभी राहील, त्याची तयारी त्यांनी ठेवलीय. पण कोर्टापेक्षा त्यांना कडूबाईची धास्ती जास्त. एसटीत सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते.

कडूबाई खाटेवर बसली होती, पाय वर टांगलेला. नर्सला सांगत होती की इथल्या दुधात नुसतं पाणी हाय. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला. काका खाटेजवळ गेले, हात जोडले.

ती म्हणाली, "थांबला असतास तर मी एकटीनं शिव्या घातल्या असत्या, आन् इसरून गेले असते. थांबला न्हाईस, आता सगळी गेवराई घालतीया. बरं केलंस का?"

"चुकलं," काका म्हणाले. "माफ करा."

"माफीचं मग बघू. पाय टेकला, दोन पावलं चालले, की सांगते." मग छबुकाकूंकडे वळून तिनं विचारलं, "ज्या पोरीपायी पळालात, ती जगली का?"

"जगली," काकू म्हणाल्या. "बाळ बी जगलं. मुलगी झाली." आणि पदर तोंडात धरून रडायलाच लागल्या. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी बारसंसुद्धा केलं नव्हतं, कुणाला आनंदानं सांगितलंही नव्हतं.

कडूबाईनं उशाचा टॉवेल काकूंकडे फेकला. मग काकांवर एकदम खेकसली, "मुलगी झाली आन् हात हलवत आलास? जिलबी कुठाय?"

काका गोंधळून उभेच. मग जे वळले ते धोतराचा सोगा हातात धरून चक्क पळत सुटले. वऱ्हांड्यातली माणसं बाजूला होऊन बघत होती. कडूबाई खाटेवरून मान लांब करून मागून ओरडली, "गरम बघून घे रं! आन् त्या नर्सला बी आन!"

तुझी
अक्का